खांबाखालचा चमचा

"जेराशचे अवशेष म्हणजे आमचं अंगणच," असं मी म्हणालो आणि तिथेच सगळं बिघडलं.

म्हणालो ते सल्त गावी, अबू फिरास यांच्या दिवाणखान्यात. अबू फिरास म्हणजे निवृत्त ब्रिगेडियर, आणि त्यांची धाकटी दीमा म्हणजे आमच्या मुलाने, औनने, अम्मानच्या ऑफिसात स्वतःच पसंत करून ठेवलेली मुलगी. बायकांचं येणंजाणं आधीच होऊन गेलं होतं. आता पुरुषांनी पुरुषांना पाहायचं होतं. ब्रिगेडियरसाहेब मला पाहत होते की माझी तपासणी करत होते ते मला नीटसं कळत नव्हतं, पण माझे बूट मात्र मी सोफ्याखाली सरकवले होते. कोणीच काही बोलेना. मी गणिताचा शिक्षक आहे. शांतता मला आवडते, पण ती वर्गात आणि माझ्या हुकुमाने झालेली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी उम फिरास सहज म्हणाल्या, की जेराश एकदा सावकाश बघायचं राहूनच गेलंय. बुडत्या माणसासारखं मी ते वाक्य पकडलं.

"अंगणच आमचं. दगड न् दगड ओळखीचा आहे."

"असं?" ब्रिगेडियर पहिल्यांदाच पुढे झुकले. "मग शुक्रवारी येतो. तुम्ही स्वतः दाखवा. पुढचं मग बोलू."

पुढचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. औनने माझ्याकडे असं पाहिलं की शब्द मागे घ्यायची सोयच राहिली नाही.

आता खरं काय ते सांगतो. अवशेष आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. पण जन्मापासून इथे राहून मी आत गेलो होतो तो एकदाच, शाळेच्या सहलीला, आणि तो सगळा वेळ एका मित्राचा हरवलेला बूट शोधण्यात गेला. जेराशचा माणूस आत जात नाही. आत जातात ते परदेशी आणि इरबिदचे लोक. आम्हाला तो रोमन पसारा पत्ता सांगायला बरा पडतो. कमान सोडून डावीकडे, खांब संपले की उजवीकडे, तिसरं घर उस्तादांचं, म्हणजे मास्तरांचं, माझं.

परतताना गाडीत माझी बायको, उम औन, म्हणजे औनची आई, माझ्याकडे वळली.

"दगड न् दगड," ती म्हणाली. "अबू औन, भाजीबाजार नव्या जागी गेलाय तो अजून तुम्हाला सापडत नाही."

"अभ्यास करीन."

"करा. नाहीतर पोराचं लग्न त्या दगडांतच राहील."

मी अभ्यासाला लागलो, पण आमच्या गल्लीत कोणाला एकट्याने अभ्यास करू देत नाहीत. शेजारचा अबू सख्र, ज्याचं सिमेंट-सळ्यांचं दुकान आहे, तो दुसऱ्याच दिवशी खुर्ची घेऊन दारात हजर. त्यालाही अवशेषांतलं काही माहीत नव्हतं, पण ते त्याच्या कधी आड येत नाही. एखादा मोडका दगड दिसला की इथे राणी नहायची असं सांगायचं, असा त्याचा सल्ला. कोणी उलटं विचारलं तर म्हणायचं, तज्ज्ञांत मतभेद आहेत.

"आणि चमचा विसरू नकोस," तो म्हणाला.

"कसला चमचा?"

"अरे, आर्टेमिस देवीच्या देवळातले खांब वाऱ्यानं डुलतात. एवढे प्रचंड खांब. गाइड लोक फटीत चमचा खुपसतात आणि चमचा आपोआप खालीवर हलतो. पाहुण्यांचा आ वासतो. लष्करी माणूस आहे, त्याला प्रात्यक्षिक दाखव."

मला ते पटलं. गणितातसुद्धा नुसत्या सिद्धांतापेक्षा आकृती काढली की मुलं गप्प बसतात. मात्र पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच करायला जाऊन चमचा हलला नाही तर काय, या विचाराने मला झोप लागेना. म्हणून ठरवलं, आधी एकट्याने जाऊन रंगीत तालीम करायची. स्वच्छतागृह कुठे आहे तेही बघून ठेवायचं होतं, कारण उम फिरास यांचे गुडघे दुखतात आणि अशा प्रसंगी माणसाची खरी परीक्षा तिथेच होते.

तिकिटाच्या खिडकीवर पहिली ठेच लागली. ओळखपत्र घरी राहिलं होतं. आतला तरुण म्हणाला, ओळखपत्राशिवाय परदेशी पाहुण्यांचं तिकीट घ्यावं लागेल.

"मी परदेशी दिसतो का?"

"काका, दिसण्यावर तिकीट नसतं. कुठले तुम्ही?"

मी हात करून आमच्या घराची खिडकी दाखवली. खिडकीत उम औन पडदा झटकत होती. तो म्हणाला, खिडकी कोणीही दाखवेल. शेवटी आतून पहारेकरी खलफ आला. खलफ माझा विद्यार्थी. जेराशमध्ये वर्दीतला प्रत्येक माणूस कधीतरी माझ्या वर्गात नापास झालेला आहे. तो तिकीटवाल्याला म्हणाला, "सोड यांना. इथलेच आहेत. अपूर्णांक येत नाहीत म्हणून यांनी मला वर्षभर दाराशी उभं केलं होतं." मी आत गेलो, पण मान वर करून नाही.

आत ऊन भाजत होतं. झ्यूसचं देऊळ समजून मी दोनदा भलत्याच चौकात जाऊन आलो. स्वच्छतागृह सापडलं, ते बंद होतं. शेवटी चढण चढून आर्टेमिसच्या देवळाशी पोचलो, तोवर सदरा पाठीला चिकटला होता. भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं, कारण उस्तादाने चमचा घेऊन खांबाशी खेळणं कोणी पाहू नये अशी माझी इच्छा होती, आणि मग पिशवीतून चमचा काढला. घाईत मी उम औनचा भात वाढायचा मोठा चमचा उचलून आणला होता. त्याचा दांडा फटीत जाईना. फटीत माती होती. मी गुडघ्यांवर बसलो आणि ती माती जराशी, अगदी जराशीच, उकरली.

"उस्ताद," मागून खलफचा आवाज आला. "काय करताय?"

"खांब हलवतोय," मी म्हणालो.

तोंडातून गेल्यावर ते वाक्य मलाच बरं वाटलं नाही.

आमच्याकडे हे किती गंभीर आहे ते सांगायला हवं. जमिनीखालचं सगळं सरकारचं. आणि जमिनीखाली सोनं आहे याबद्दल आमच्या मुलखात कोणालाही शंका नाही. रोमनांनी पुरलं, नंतर तुर्क जाताना पुरून गेले. खडकावर साप कोरलेला असला तर एक अर्थ, वाटी असली तर दुसरा. डॉक्टर, वकील, न्हावी, ज्याच्या त्याच्या खिशात अशा एखाद्या खडकाचा फोटो असतो. त्यामुळे भर उन्हात इकडेतिकडे बघत, देवळाच्या खांबाखाली चमच्याने उकरणारा माणूस खांब हलवण्यासाठी तिथे आला असेल, हे मी अधिकारी असतो तर मलाही पटलं नसतं.

चौकीवरचा अधिकारी सभ्य होता. त्याने मला पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुमचा सगळा जन्म इथे गेला. शाळेच्या सहलीनंतर आत कधी आला नाहीत. आज एकटेच आलात. आणि खांब डुलतो का ते बघायला घरून चमचा आणलात."

"हो."

"एवढा मोठा?"

मी मान खाली घातली. त्याने माझा जबाब लिहून घेतला, पुन्हा असं करू नका म्हणाला आणि मला सोडलं. चमचा मात्र ठेवून घेतला. घरी उम औनने आधी चमचा कुठे ते विचारलं. तो तिच्या आईने दिलेल्या संचातला होता. नवरा चौकीत जाऊन आला याचं तिला दुःख झालं असेल, पण ते तिने नंतरसाठी राखून ठेवलं.

संध्याकाळी मी रोट्या आणायला गेलो तर भट्टीवाल्याने न सांगता दोन रोट्या जास्त घातल्या आणि हळूच विचारलं, "उस्ताद, तब्येत बरी ना?" न्हाव्याने रांग मोडून मला आधी बसवलं. ज्या चुलतभावाशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याचा फोन आला, आणि त्याने रक्ताच्या नात्याविषयी बराच वेळ सांगितलं. मला कळेना. मग अबू सख्र आला. या वेळी खुर्ची आणली नव्हती. उभाच राहिला, डोळ्यांत पाणी आणून.

"एवढ्या वर्षांचा शेजार," तो म्हणाला. "मला नाही सांगितलंस."

"काय नाही सांगितलं?"

"एवढंच सांग. हंडा आहे की पेटी?"

"अरे, चमच्याचं तूच सांगितलंस ना मला."

"मी चहाचा चमचा म्हणालो होतो," तो म्हणाला. "भाताचा चमचा कोण नेतं? ज्याला काही भरून आणायचंय तोच नेतो."

मी शपथ घेतली. त्याने ती समजूतदारपणे ऐकली. म्हणाला, खरोखर सापडलेला माणूस अशीच शपथ घेतो. मग कानाशी लागून त्याने सुचवलं, की अशा धनावर राखणदार बसलेला असतो, आणि राखणदार उठवणारा एक मोरोक्कोचा शेख त्याच्या ओळखीचा आहे, धूप वगैरे स्वतःचाच आणतो. मी त्याला घालवलं. सकाळी उठून बघतो तर आमच्या अंगणातल्या लिंबाखाली कमरेएवढा खड्डा. मला सापडलेलं मी घरीच पुरलं असणार असा कोणीतरी हिशेब मांडला होता. लिंबाची मुळं उघडी पडली होती. मी फावडं घेऊन खड्डा बुजवायला लागलो, आणि गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवरून मला फावडं चालवताना पाहिलं गेलं.

त्या दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. लोक हसले असते तर मी सहन केलं असतं. मला भीती होती ती सल्तची. सल्त काही दूर नाही, आणि असली बातमी बसपेक्षा लवकर पोचते. ब्रिगेडियर करडा माणूस. जो सरकारी देवळाच्या पायाला सुरुंग लावतो अशी ज्याची ख्याती, त्याच्या घरात तो मुलगी देईल का? औन रोज अम्मानहून फोन करायचा आणि "बाबा, तयारी कशी चाललीय?" विचारायचा. मी म्हणायचो, झकास.

शुक्रवारी नमाजानंतर पाहुणे आले. ब्रिगेडियर, उम फिरास, दीमा. आमच्याकडून मी, उम औन आणि घामाघूम झालेला औन. या वेळी ओळखपत्र मी गळ्यात अडकवलं होतं. मोठ्या कमानीखालून आत शिरलो, मागे सहज पाहिलं, आणि माझं धाबं दणाणलं.

सगळी गल्ली आली होती. भट्टीवाला बायकोमुलांसह, न्हावी, चुलतभाऊ, अबू सख्र, आणि ज्यांना मी ओळखतही नव्हतो असे कितीतरी. आयुष्यात जे कधी आत आले नव्हते ते चटया आणि टरबुजं घेऊन हवा खायला आले होते, आणि हवा नेमकी आमच्या मागे वीस पावलांवरच होती.

"बरेच लोक आहेत," ब्रिगेडियर म्हणाले.

"शुक्रवार," मी म्हणालो.

मी दाखवायला सुरुवात केली. खांबांच्या रस्त्यावर एका दगडाकडे हात करून म्हणालो, इथे राणी नहायची. मागच्या घोळक्यातून एकजण चटकन पुढे आला आणि त्या दगडावर खडूने फुली मारून गेला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. उठून चार पावलं गेलो नाही तोच त्या जागेवर भट्टीवाल्याच्या बायकोने चटई अंथरली. मी धाप लागून एका पायरीवर टेकलो, तर उठताक्षणी अबू सख्र तिथे येऊन बसला आणि बुडाखालचा दगड ठोकून पोकळ आहे का ते बघू लागला. मग मी कुठेही बघायचंच सोडून दिलं. आकाशाकडे पाहून इतिहास सांगायला लागलो. तर काहींनी आकाशाकडे पाहिलं.

"हे राणीचं स्नानगृह भर रस्त्यात कसं?" उम फिरास यांनी विचारलं.

"तज्ज्ञांत मतभेद आहेत," मी म्हणालो. दीमा ओढणीत तोंड लपवून हसली. ती मुलगी मला त्या क्षणी फार आवडली, आणि म्हणून भीती आणखीच वाढली.

आर्टेमिसच्या देवळापाशी बायका सावलीत थांबल्या. ब्रिगेडियरांनी माझं कोपर धरलं आणि मला खांबाआड नेलं. त्याच खांबाआड.

"अबू औन," ते म्हणाले, "तुमच्याविषयी मी काही ऐकलंय."

संपलं, असं मी मनात म्हटलं. औनचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. मी खांबाला टेकलो, आणि तो खरंच डुलतो का हे त्या वेळी मला सांगता आलं नसतं.

ब्रिगेडियरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. त्यावर एका खडकाचा फोटो होता.

"माझ्या भावाच्या शेतात आहे," ते कुजबुजले. "साप कोरलाय. तोंड पूर्वेला. खणायचं कुठे, तोंडाकडे की शेपटीकडे?"

मला हसू यायला हवं होतं. पण आला तो घामच. शेपटीकडे, एवढा एक शब्द म्हटला असता की औनचं लग्न तिथल्या तिथे ठरलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही. पण मग जन्मभर हा माणूस माझ्या सांगण्यावरून खणत राहणार, आणि प्रत्येक रिकाम्या खड्ड्यागणिक दीमाला आमच्या घरात मान खाली घालावी लागणार. न येणाऱ्या उत्तराला येतं म्हणणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलेलं आहे.

"साहेब, मला काहीही सापडलेलं नाही," मी म्हणालो. आणि मग अंगणाची बढाई, रंगीत तालीम, भाताचा चमचा, चौकी, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकलं. चेहरा दारासारखा बंद झाला.

"सांगायचं नसेल तर नका सांगू," ते म्हणाले. "नातं जोडायला निघालेला माणूस मात्र असं वागत नाही." आणि ताड ताड पावलं टाकत निघून गेले.

शेवटी आम्ही जुन्या रोमन नाट्यगृहाशी पोचलो. औनने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला न सांगताच कळलं. ब्रिगेडियर दगडी पायऱ्यांवर ताठ बसले होते, शेजारी उम फिरास गुडघे चोळत. वरच्या रांगांतून गल्लीने आपापल्या जागा धरल्या होत्या. खाली मधोमध जमिनीत एक दगड आहे, त्यावर उभं राहून बोललं की हळू शब्दही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हे तेवढं मला खरंच माहीत होतं. मी जाऊन त्यावर उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही. दुसरीकडे कुठे उभं राहायला तोंड नव्हतं.

"मी अबू औन," मी म्हणालो, आणि माझाच आवाज चहूकडून माझ्यावर आला. "इथे सोनं नाही. हंडा नाही, पेटी नाही. मी इथला असून मला इथलं काही येत नाही. सल्तला थाप मारली, ती निभावायला चमचा घेऊन आलो आणि पकडला गेलो. राणी कुठे नहायची ते मला माहीत नाही. राणी होती का तेही माहीत नाही. आमच्या औनला दीमा हवी आहे, आणि पाहुण्यांसमोर माझी फजिती होऊन ते मोडू नये म्हणून हे सगळं केलं. आता फजिती झालीच आहे."

टरबूज कापणाऱ्याची सुरीसुद्धा थांबली.

मग उम फिरास उठल्या. आपल्या पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. दुसऱ्याच्या घरची कॉफी त्या पीत नाहीत. त्यांनी एक कप भरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "भावाचं अर्धं शेत खणून झालं तरी तुम्ही मला सांगता, विहिरीसाठी खणतोय. हा बघा, साऱ्या गावासमोर उभा राहून खरं बोललाय." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरून कप माझ्या हातात दिला.

मुलीकडची कॉफी हातात आली की आमच्याकडे काय करायचं असतं ते लहान मुलालाही ठाऊक आहे. मी ती प्यायलो नाही. वाकून कप दगडावर ठेवला.

"अबू फिरास," मी म्हणालो, "ज्यासाठी आलो ते पदरात पडल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही."

ब्रिगेडियर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागाने की बायकोने विहीर काढल्यामुळे, देव जाणे.

"अशी मागणी घालतात?" ते म्हणाले. "एकट्यानं? सोबत चार वडीलधारी नाहीत, कोणी नाही. माझी मुलगी वाटेवर पडलेली नाही. तुमच्या बाजूनं आलंय कोण?"

मागणीला मोठं मंडळ न्यावं लागतं, जेवढं मंडळ मोठं तेवढा मुलीचा मान. मी उम औनकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती.

"मी आलोय," वरून आवाज आला. अबू सख्र उभा राहिला होता. पॅन्टची धूळ झटकत म्हणाला, "शेजारी आहे. त्याला मी ओळखतो. खोटं बोलायला गेला की असा पकडला जातो."

मग भट्टीवाला उठला. न्हावी उठला. चुलतभाऊ सावकाश उठला, माझ्याकडे न बघता. दाराशी उभा असलेला खलफ टोपी नीट करून म्हणाला, "मीही उस्तादांच्या बाजूनं," आणि मग रांगांमागून रांगा, चटया सोडून, पोरं कडेवर घेऊन, माणसं उभी राहत गेली. त्यांतल्या निम्म्यांच्या मनात अजून हंडाच होता हे मला माहीत होतं. तरी एवढी माणसं माझ्यासाठी कधी उठून उभी राहतील असं मला वाटलं नव्हतं, आणि उभी राहिली ती मी एकदाचं काही येत नाही म्हटल्यावर.

ब्रिगेडियरांनी मागे वळून लष्करी नजर फिरवली. खालून वर, एक एक रांग. शेवटी त्यांनी दीमाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण हसू लपवलं नाही.

"थोरलीच्या वेळी मंत्री आला होता," ते हळूच पत्नीला म्हणाले. "मंडळ याच्या निम्मंही नव्हतं."

मग माझ्याकडे वळून, घसा साफ करून म्हणाले, "कॉफी घ्या, उस्ताद. ज्यासाठी आलात ते दिलं."

मी वाकून कप उचलला. घाईत अर्धी कॉफी बाहीवर सांडली. उरलेली तोंडाला लावली. कडू होती, थंड झाली होती. मी कुठे उभा आहे याचा मला विसर पडला होता, त्यामुळे माझा तो भला मोठा घोट शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्या जेराशने ऐकला.